आचाऱ्याची वांगी आणि मी

कळ दाबून धरू नका. एकदा दाबली की पुरे. जागं व्हायला वेळ लागतो मला, आणि घाई केली की जास्तच लागतो. मी नागपूरच्या धंतोलीतल्या प्रेमिलाबाई मेश्रामांच्या टायपिंगच्या दुकानातला कम्प्युटर बोलून राहिलो. वय तेरा. माणसात तेरा म्हणजे पोरगं. आमच्यात तेरा म्हणजे ज्याला बघून गिऱ्हाईक विचारतं, "हा अजून चालते?"

चालतो. विचारणारेच दम खात पायऱ्या चढून आलेले असतात.

शिक्षणाचं म्हणाल तर मला शून्य आणि एक, एवढंच येतं. तेवढ्यावर जन्म काढला. जन्म झाला सीताबर्डीत, रोशन गजभियेच्या गाळ्यात. डबा एका ठिकाणचा, पंखा दुसऱ्या ठिकाणचा, असं जमवून त्यानं मला उभं केलं. तेव्हा माझं घराणं विचारू नका.

दुकानाच्या दोन्ही अंगाला दवाखाने. भंडाऱ्याहून, यवतमाळहून पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे. सुरुवातीला लोकांच्या पेनड्राइव्हमधून माझ्या पोटात इतके व्हायरस गेले की मी दर महिन्याला आडवा. शेवटी रोशननं माझ्यात लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं, जगभरातली माणसं मिळून सांभाळतात. काही बिघडलं तर त्यांना लिहून कळवायचं, ते दुरुस्त करून पाठवतात. त्याला अपडेट म्हणतात. कधीकधी दुरुस्तीतूनच नवा बिघाड येतो, पण तो कोणी सांगून पाठवत नाही.

असाच एका मंगळवारी आला. बाईंनी दुकान उघडलं, बाबासाहेबांची तसबीर पुसली, माझी कळ दाबली. कोपऱ्यात पाटी आली, त्रेचाळीस अपडेट आहेत, घ्यायचे का? बाई 'हो' म्हणाल्या. मी मुकाट्यानं गिळले.

गुरुवारी देवराव भोयर आले. ऐंशीला टेकलेला माणूस. चाळीस वर्षं बस चालवली, आवाज अजून इंजिनाच्या वर. त्यांचं एक मोठं काम वर्षभर माझ्यावर चाललं होतं. प्रवाशांच्या तोंडून ऐकलेले वऱ्हाडी शब्द त्यांनी वह्यांत लिहून ठेवले होते, अडीच हजार. त्याचं पुस्तक व्हायचं होतं. पण त्या दिवशी घाई वेगळी होती. नात चिन्मयीचं लग्न रविवारवर आलं होतं, आणि घरात कोणी काय करायचं त्याची यादी हवी होती.

यादीत एक ओळ होती, 'आचाऱ्यांकडे शनिवारी सकाळी वीस किलो वांगी पोचवणे.' बाईंनी ती बरोबर टाइप केली. मी छापली ती अशी, 'आचार्यांकडे शनिवारी सकाळी वीस किलो वांगी पोचवणे.'

दिसला का फरक? पहिल्यात र अर्धा आहे, शेपटीसारखा य च्या अंगाला चिकटलेला. दुसऱ्यात तो य च्या डोक्यावर चढून बसला आहे. पहिला माणूस भट्टीपुढे उभा राहून भाजी करतो, दुसरा पाटावर बसून उपदेश करतो. बाईंनी यादीतले फोन नंबर दोनदा तपासले, अक्षरं तपासली नाहीत. तेरा वर्षांत मी अक्षर चुकवलं नव्हतं, म्हणून.

आता भोयरांच्या गल्लीत खरेच एक आचार्य राहतात. वसंतराव नाव, योगाचे वर्ग घेतात, सगळा मोहल्ला त्यांना आचार्य म्हणतो. देवरावांचे जावई बाहेरगावचे. त्यांनी यादी वाचली, पत्ता विचारला आणि पोतं आचार्यांच्या दारात उतरवलं. मनात शंका आली असेल, पण सासरी कोण विचारतं? आचार्यांना वाटलं, लग्नघरातून भेट आली. त्यांनी त्याच दिवशी अख्ख्या योगवर्गाला भरीत खाऊ घातलं.

आणि रविवारी चिन्मयीच्या लग्नात आलू-वांग्याच्या जागी नुसते आलू वाढले गेले.

सोमवारी देवराव दुकानात शिरले ते चप्पल न काढता.

"प्रेमिला! काय छापलं वं हे? व्याही मले विचारून राहिले, नागपुरात वांगे भेटत नाही काय म्हणून!"

"काकाजी, मी बरोबर टाइप केलं होतं. पहा, तुमच्यासमोर करतो." बाईंनी पुन्हा टाइप केलं. र पुन्हा डोक्यावर.

"मंग हा डबा खोटं बोलून राहिला?"

डबा म्हणजे मी. तेरा वर्षं नोकरी, आणि डबा.

बाईंनी घाबरतच पुस्तकाची फाइल उघडली. पहिल्या पानावर नाव होतं, 'वऱ्हाडी शब्दांची पोतडी'. दिसत होतं 'वर्हाडी शब्दांची पोतडी'. पुढे दोनशे वीस पानं तीच गत. सगळे अर्धे र डोक्यावर चढलेले.

देवराव खुर्चीत बसले. ओरडणं थांबलं, ते मला जास्त लागलं.

"हे तं कोणी भायेरचा माणूस वाचून राहिला असं वाटते," ते म्हणाले. "माह्याच बोलीचं नाव चुकीचं घालून मी पुस्तक काढू? शनिवारी छापायले द्याचं होतं. राहू दे वं. नाही काढत."

बाईंनी रोशनला बोलावलं. तो आला, मला दोनदा बंद-चालू केलं, आणि निकाल देऊन मोकळा झाला.

"ताई, म्हातारा झाला हा. शनिवारी गाडीवर नवीन मशीन आणतो, याले भंगारात घेऊन जातो."

ज्यानं जोडलं त्यानंच म्हणावं! पंखा गरगरला माझा.

"थांब गा," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत अर्धा र वापस आला तर हा इथंच राहीन. नाही आला तर ने."

म्हणजे त्या शनिवारवर दोघं टांगलेले होतो. काकाजींचं पुस्तक आणि मी.

मग शोध सुरू झाला. रोशन म्हणाला कीबोर्डची चूक. बाईंनी गेल्या महिन्यात टाइप केलेली, चिन्मयीच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, फाइल उघडली. तीत 'सोयऱ्यांसाठी' असा शब्द होता, तेव्हा बरोबर छापलेला. त्याचा कागदही फायलीत लावून ठेवलेला. आज तीच फाइल पडद्यावर 'सोयर्यांसाठी' दाखवत होती. कोणी कळ दाबली नाही, तरी बिघाड. म्हणजे कीबोर्ड सुटला. रोशन म्हणाला मग फॉन्ट. चार फॉन्ट बदलून पाहिले, चारही तसेच. फॉन्टही सुटला.

शेवटी त्यानं हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून मंगळवारच्या त्रेचाळीस नावांची यादी काढली. त्यात सापडली अक्षरं एकमेकांना जोडणारी लायब्ररी. लायब्ररी म्हणतात, पुस्तक एक नाही तीत. तिची जुनी प्रत आणावी, तर तिच्या भरवशावर बसलेले सत्तर प्रोग्राम म्हणाले, आम्ही पण चाललो. रोशननं हात वर केले.

"बनवणाऱ्यायलेच लिहा आता. बग रिपोर्ट म्हणते त्याले."

बाई दहावीनंतर इंग्रजीच्या वाटेला गेल्या नव्हत्या. तरी डिक्शनरी घेऊन बसल्या आणि दीड पान लिहिलं. व्याह्यांचा अपमान, आचार्यांचं भरीत, माझी तेरा वर्षांची चाकरी, सगळं. वाचून माझाच ऊर भरून आला. मला वाटलं, वाचणारा रडेल.

बुधवारी उत्तर आलं. सभ्य होतं, त्याचाच जास्त राग आला. 'तुम्ही दाखवलेलं अक्षर बरोबर आहे. आचार्य हा शब्द असाच लिहितात. ब्रिंजल नावाचा प्रोग्राम आमच्या यादीत नाही.' आणि खाली शेरा, 'बंद'. म्हणजे तक्रार निकाली.

बाई हसल्या नाहीत. स्वेटर काढून ठेवावा तशी त्यांनी माझ्यावरची प्लास्टिकची टोपी घडी करून ठेवली. मला कळलं. सामान आवरून राहिल्या होत्या.

तेवढ्यात देवराव आपल्या वह्या परत न्यायला आले. बाईंनी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"असं लिहितात काय वं? गाडी बिघडली तं आम्ही गॅरेजच्या वहीत काय लिहू? ड्रायव्हरनं जर लिहिलं की प्रवासी ओरडले, मले लाज वाटली, घरी उशीर झाला, तं मेकॅनिक काय दुरुस्त करन? माही लाज?"

"मग काय लिहू?"

"गाडी कोणती. कोणत्या दिवसापासून. तू काय केलं. काय झालं. काय व्हायले पायजे होतं. पाच ओळी. अन् मोडका भाग सोबत बांधून द्याचा, म्हणजे त्यो म्हणू शकत नाही की माह्याकडे तं चालते."

"मोडका भाग कुठून बांधू काकाजी? अक्षर आहे ते."

काकाजींनी फायलीतला साक्षगंधाचा कागद ओढला. "हे चांगलं असतानाचं. आता तोच कागद आजच्या तारखेत काढ."

मी काढला. दोन कागद शेजारी ठेवले, 'सोयऱ्यांसाठी' आणि 'सोयर्यांसाठी'. बाईंनी फोनवर फोटो घेतला. खाली लिहिलं, कोणती प्रत, मंगळवारच्या आधीची कोणती, कोणत्या कळा दाबायच्या. आणि देवरावांनी सांगितलं ते जसंच्या तसं, 'आचारी आणि आचार्य ही दोन वेगळी माणसं आहेत. एक स्वयंपाकी, एक गुरू. तुमच्या नव्या प्रतीत स्वयंपाकी दिसेनासा झाला आहे.'

"वांग्याचं लिहू?" बाईंनी विचारलं.

"नाही. मेकॅनिकले वांग्याचं काही करता येत नाही."

दोन दिवस गेले. बाई दर तासाला उत्तर पाहत. मी दर तासाला 'काही नाही' म्हणून सांगत होतो, आणि ते सांगायला मला काही बरं वाटत नव्हतं.

शनिवारी देवराव सकाळपासूनच येऊन बसले होते. अकरा वाजता रोशनची गाडी दाराशी लागली. मागे नवं खोकं, दोरीनं बांधलेलं. त्यानं माझ्या मागची वायर धरलीसुद्धा, आणि कोपऱ्यात उत्तर आल्याची पाटी उमटली.

"वायर सोड गा!" बाई ओरडल्या. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा एवढा आवाज ऐकला.

कुठल्या देशातून लिहिलं कोण जाणे, पण माणूस मन लावून वाचणारा होता. दोन कागद पाहिल्यावर त्याला कळलं होतं. लायब्ररीची साफसफाई करताना त्याच्याच हातून एक तपासणी मागची पुढे झाली होती. त्यानं माफी मागितली, दुरुस्त प्रत सोबत जोडली, आणि लिहिलं, करून पाहा आणि सांगा.

रोशन खाली मान घालून बसला. ज्या हातानं वायर धरली होती, त्याच हातानं दुरुस्ती टाकू लागला. मला बंद करून चालू केलं. मला जागं व्हायला वेळ लागतो, हे मी आधीच सांगितलं आहे. त्या दिवशी तिघांनी तो वेळ उभ्यानं काढला.

बाईंनी पहिलं पान छापायला दिलं. मी शेजारच्या प्रिंटरला ढकलत ढकलत कागद बाहेर काढला. देवरावांनी तो उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला.

'वऱ्हाडी शब्दांची पोतडी.'

शेपटीवाला र आपल्या जागी होता.

"निघाली गाडी," देवराव म्हणाले, आणि नाक शिंकरायच्या निमित्तानं भिंतीकडे वळले.

पुस्तक दुपारी छापायला गेलं. नवं खोकं रोशननं उघडलंही नाही, दुसऱ्या कोणाकडे दिलं. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली त्यानं. धूळ उडाली, त्यालाच ठसका लागला. बरं झालं.

त्या लायब्ररीवाल्यांनी आता एक रीत पाडली आहे. नवी प्रत काढायच्या आधी तिला 'आचाऱ्यांकडे' आणि 'आचार्यांकडे' हे दोन शब्द लिहून दाखवावे लागतात. दोन्ही वेगळे दिसले तरच ती बाहेर पडते. या शब्दांच्या शेजारी नाव लिहिलं आहे, 'प्रेमिला मेश्राम, नागपूर'. बाईंनी ते पान मला उघडायला लावलं, चार वेळा.

आता एवढंच सांगतो. मी अजून इथंच आहे, धंतोलीत, दोन दवाखान्यांच्या मधे. पंखा वाजतो, कळ अडते. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल आणि अपडेटनंतर वेड्यासारखा वागला, तर लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी जुना कागद काढा, नवा काढा, शेजारी ठेवा. मग पाच ओळी लिहा. तिकडे बसलेला माणूस वाचतो, फक्त त्याला वाचण्यासारखं द्या.

आणि हो, त्या भल्या माणसानं शेवटी एक प्रश्न विचारला होता. पहिल्या पत्रातली वांगी कुठं गेली?

बाईंनी या वेळी डिक्शनरी न घेता एका ओळीत उत्तर लिहिलं, 'आचार्यांनी खाल्ली, भरीत चांगलं झालं होतं.'

त्याखाली शेरा आला, 'बंद'. हा मात्र वाचून माझा पंखा जरा थंड झाला.