तडा न गेलेला चंबू

मी एक जुना, गोल बुडाचा काचेचा चंबू आहे. मित्रांनो, माझ्या गळ्यात 'तडा गेला, बाद' अशी चिठ्ठी बांधली आहे. ती खोटी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी जर्मनीहून बोटीनं आलो आणि सांगलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखल झालो. तिथले हंबीरराव सर कोरेगावचे. त्यांचा धाकटा भाऊ कृष्णात फौजेत होता. त्याच्या पायाला गोळी नुसती चाटून गेली, पण जखम चिघळली आणि तो गेला. तेव्हापासून जखमेतले जंतू मारणारं औषध तयार करायचा सरांनी ध्यास घेतला. त्या औषधासाठी गंधक आणि नायट्रोजन ओवलेली पाच अणूंची एक कडी त्यांना जुळवायची होती. दोन वर्षं मी त्यासाठी उकळलो. कधी डांबरासारखा चिकटा निघे, कधी नुसताच वास. परदेशी रसायनाची शेवटची बाटली उघडली, लढाईमुळे दुसरी मिळणार नव्हती, आणि नेमक्या त्याच खेपेला माझ्या पाण्यात पांढरे कण तरंगू लागले. सर कितीतरी दिवसांनी हसले. हे कण गाळून, वाळवून होणारी पूड आता मुंबईला तपासणीसाठी जाणार होती.

तेवढ्यात प्रिन्सिपॉलसाहेबांचं बोलावणं आलं. "अण्णा, एवढं गाळून ठेवा," असं सांगून सर गेले. एरवी गाळायचं काम ते स्वतःच करत.

कल्लाप्पाअण्णा हे प्रयोगशाळेचे वयस्कर शिपाई, जैन, फार भाविक. त्यांच्या घरी गाळतात ते पाण्यासाठी, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव जपून पुन्हा विहिरीत सोडतात. अण्णांनी इथंही तेच केलं.

सर परत आले. "अण्णा, पांढरं कण कुठं हाईत?"

"आवं, पाणी ठेवलंय की झाकून. फडक्यावरलं जीव हिरीत सोडलं. एक बी मेला न्हाई बगा."

सर स्टुलावर बसले. म्हणाले, "बरं केलंसा, अण्णा."

साहेबांनी जाब विचारला, तेव्हा म्हाताऱ्याची नोकरी जाईल म्हणून सरांनी सांगितलं, "चंबूला तडा होता. औषध गळून गेलं." मी तिथंच टेबलावर होतो. मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतंच.

ते कण म्हणजेच औषध, हे अण्णांना ठाऊकच नव्हतं; त्यांनी ते खरं मानलं. गळ्यात चिठ्ठी बांधून मला अडगळीच्या कपाटात ठेवताना ते पुटपुटले, "मुडद्या, माज्या सरांचा घात केलास रं." त्याच हातांनी मला रोज घासून लख्ख केलं होतं.

याला सहा वर्षं झाली. सर आता फक्त शिकवतात. त्या पुडीनं जंतू मेले असते की नाही, कुणालाच कळलं नाही. हे सारं ऐकून तुम्ही सरांना दयाळू म्हणाल. मी म्हणणार नाही. दया त्यांनी केली, पण माझ्या जिवावर.

मित्रांनो, एखाद्याला बाद करण्याआधी त्याला एकदा हातात घेऊन तरी पाहा. माझ्यात गळ्यापर्यंत पाणी भरा आणि उचलून धरा. एक थेंब जरी गळला, तरी मला खुशाल फोडा.