रस्त्यावरची खुर्ची

आमच्या घरासमोर रस्त्यावर एक खुर्ची असते. स्वयंपाकघरातल्या जुन्या सेटमधली, पिवळ्या रेक्झिनची, एका पायाला चिकटपट्टी गुंडाळलेली. तिच्यावर कोणी बसत नाही. गाडी बाहेर गेली की ती गाडीच्या जागी उभी राहते आणि गाडी परत आली की फुटपाथवर जाते. बर्फ पडल्यावर ज्यानं फावडं मारून जागा मोकळी केली त्याची ती जागा, आणि खुर्ची ठेवली की विषय संपला. पिट्सबर्गच्या या टेकडीवर हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण पोलीससुद्धा खुर्चीला हात लावत नाहीत. एकदा कुणा बाहेरच्या शहाण्यानं समोरच्या कोस्कोबाईंची खुर्ची उचलून आपली गाडी घुसवली होती. सकाळी त्याची गाडी दिसतच नव्हती, नुसता बर्फाचा ढीग. त्यात चार फावडी माझीही होती आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

हे आधी सांगते, कारण माझी मुलगी रेने या खुर्चीला ‘तमाशा’ म्हणते. याच रस्त्यावर घसरत लहानाची मोठी झालेली मुलगी! लग्न झालं, नवरा ट्रेंट चांगला कमावतो, दोघं फॉक्स मेडोला राहायला गेली. फॉक्स मेडो म्हणजे परवापरवापर्यंत मक्याचं शेत होतं. आता तिथे शाळा आहे, दोन सुपरमार्केट आहेत, तिसरं होतंय, आणि घरं इतकी एकसारखी की माणूस चुकून शेजाऱ्याच्या घरात जेवायला बसेल.

“वाढतं गाव आहे, आई,” रेने म्हणते.

वाढतं तर माझं ब्लडप्रेशरही.

या हिवाळ्यात त्यांच्याच गल्लीत एक बैठं घर तयार झालं. कुठेही पायरी नाही, झोपायची खोली खालीच, गाडी थेट स्वयंपाकघराच्या दाराला. बिल्डर ट्रेंटच्या ओळखीचा. त्यानं घर आमच्यासाठी धरून ठेवलं, पण रविवारपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाला. झालं. रेनेचे सकाळ-संध्याकाळ फोन सुरू. बाबांचं हृदय, बाबांचे गुडघे, तो चढ, त्या पायऱ्या. जणू त्या माणसाबरोबर संसार तिनं केलाय आणि मी कोणी पलीकडची शेजारीण आहे.

आणि लेन, माझा नवरा? जन्मभर पोलादाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिला, पण घरात तोंड उघडायचं म्हणजे संकट.

“तुला काय वाटतं?” मी विचारायची.

“तू म्हणशील तसं, बर्नी.”

मी काय म्हणणार ते अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं. लेन गप्प आहे म्हणजे माझ्या बाजूनं आहे, असं मी धरून चालले होते. गप्प बसायला त्याला गाडी पुरायची. बाहेरून आला की गाडी लावून आतच बसून राहायचा. हॉकीची मॅच ऐकतोय म्हणायचा. मी वरून खिडकीतून ओरडायची, “घरात रेडिओ नाही का रे? की गाडीशी दुसरं लग्न लावलंयस?” तो नुसता हात हलवायचा.

शुक्रवारी आम्ही फॉक्स मेडोला गेलो, सोमवारपर्यंत राहायला. मी कोबीच्या पानात खिमा-भात भरून मोठं पातेलं भरून नेलं होतं, माझी सासू करायची तसं. ट्रेंटनं झाकण उचललं आणि म्हणाला, “वास मस्त आहे. खिडकी उघडू का जरा?” मी गिळलं. जावई आहे.

शनिवारी ते नवं घर पाहिलं. मी भिंतींवर टिचक्या मारून पाहिल्या. पोकळ. शेजारच्या माणसाला शिंक आली तर आपण ‘देव भलं करो’ म्हणावं इतक्या पातळ. लेन मात्र गाडीच्या जागेपासून स्वयंपाकघरात, तिथून झोपायच्या खोलीत आणि परत, असा चालत होता. एकदा, दोनदा, पुन्हा. कुठेही न थांबता. मला वाटलं, म्हातारा खोड शोधतोय. मनातून खूश झाले.

त्या रात्री भरपूर बर्फ पडला. ट्रेंटच्या अंगणात त्याच्या दोन गाड्या आणि एक बोट. हो, बोट! जवळपास कुठे डबकंही नाही. त्यामुळे आमची गाडी रस्त्यावर होती. रविवारी सगळ्यांच्या आधी उठून मी फावडं घेतलं आणि गाडीभोवतीची जागा स्वच्छ केली, अगदी डांबर दिसेपर्यंत. मग चर्चला निघताना मी तेच केलं जे आमच्या टेकडीवरची कुठलीही बाई करेल. रेनेच्या जेवणघरातली एक पांढरी खुर्ची आणून मोकळ्या जागेच्या मधोमध ठेवली. कोणाला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

परत आलो तर खुर्ची गायब आणि माझ्या जागेत एक भली मोठी काळी गाडी. आम्ही उतरतोय तोच समोरून एक बाई आली, गुडघ्यापर्यंत पांढरा कोट, हातात आमची खुर्ची. ही ब्रूक. तिथल्या कमिटीची अध्यक्ष. कुणाच्या दाराला कुठला रंग चालेल, हेसुद्धा ही कमिटी ठरवते.

“ही तुमची का?” ती हसत म्हणाली. “मला वाटलं कुणी टाकून दिलीय. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते आपल्याकडे.”

“टाकलेली नव्हती. ठेवलेली होती,” मी म्हणाले. “ती जागा मी साफ केलीय.”

“हो, किती छान केलीत! माझ्या पाहुण्यांना लगेच गाडी लावता आली.”

“पाहुण्यांना?”

“रस्ता सगळ्यांचा असतो ना.”

“आमच्याकडेही सगळ्यांचाच असतो, बाई. फावडं मात्र मी एकटीनं मारलं.”

ती रेनेकडे वळली आणि म्हणाली, “किती गोड आहेत तुझ्या आई!” मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी असताना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी आणखी काही बोलले नसते, खरंच नसते. पण माझी मुलगी ती खुर्ची हातात घेत म्हणाली, “सॉरी, ब्रूक. तिला इथलं काही माहीत नाही. ती टेकडीवरची आहे.”

“टेकडीवरची!” मी म्हणाले. “आणि तू कुठली गं? तू काय मक्यात उगवलीस?”

“आई, हळू बोला,” ट्रेंट म्हणाला. “लोक बघतायत.”

“बघू देत की! यांच्या रस्त्यावर बघण्यासारखं दुसरं आहे काय?”

रेने रडायला लागली. तिनं आम्हाला आत घेऊन दार लावलं आणि पॅसेजमध्येच, बूटही न काढता, म्हणाली, “एका मोडक्या खुर्चीसाठी तू बाबांना त्या पायऱ्यांवर मरू देणार आहेस. खरं ना?”

“तुझ्या बाबांना काही झालेलं नाही. विचार त्यांनाच. विचार!”

सगळे लेनकडे बघायला लागले. लेन स्वतःच्या बुटांकडे बघत होता. वर न बघताच म्हणाला, “घरी जाऊ या, बर्नी.”

मी जिंकले. पाच मिनिटांत सामान भरलं, पातेलंसुद्धा उचललं, अर्धं भरलेलं होतं तरी. खिडक्या उघडून खा म्हणावं दुसरं काहीतरी.

वाटेत मी एकटीच बोलत होते. माणसाला माणूस ओळखत नाही ते गाव, शेजाऱ्याचा घाम दिसत नाही ते गाव, आणि आपली पोरगी आपल्याबद्दल परक्या बाईची माफी मागते! आपल्याकडे आपण तीन दिवस बाहेर गेलो तरी खुर्ची जागची हलणार नाही, बघ तू. लेन गाडी चालवत होता. एकदा फक्त म्हणाला, “उद्या निघालो असतो तर बरं झालं असतं.”

आम्ही आमच्या रस्त्यावर वळलो. खुर्ची नव्हती. आमच्या जागेत एक छोटी निळी गाडी उभी होती.

ती गाडी मला माहीत होती. दोन घरं पलीकडे भाड्यानं राहणाऱ्या जोस्लिनची. एकटी पोर, सातवा महिना, वर्षभरापूर्वी आलेली. तिला मी सूप नेऊन दिलंय, तिच्या दारातला बर्फ काढलाय. आणि हिनं माझी खुर्ची उचलावी?

“राहू दे,” लेन म्हणाला. “मी खाली लावून येतो.”

“तू ये लावून. मी बघते हिच्याकडे.”

गाडी खाली गेली, अगदी टेकडीच्या पायथ्याशी, कारण बाकी सगळ्या जागांवर लोकांच्या खुर्च्या होत्या. मी जोस्लिनचं दार मुठीनं वाजवलं. तिनं उघडलं. तिच्या मागे, दाराआड, माझी पिवळी खुर्ची. पुसून कोरडी करून ठेवलेली.

“अगं बाई, तुम्ही उद्या येणार होतात ना?” ती गोंधळली. “थांबा, मी काढते गाडी. चावी कुठे ठेवली...”

“गाडीचं नंतर. खुर्चीला हात कोणाला विचारून लावलास?”

“लेननी सांगितलं ना.”

“काय सांगितलं?”

“तुम्ही नाही त्या दिवसांत लाव म्हणाले. आणि मग तुम्ही फॉक्स मेडोला कायमचे राहायला गेलात की जागा माझीच.” माझ्या तोंडाकडे बघून तिचा चेहरा उतरला. “म्हणाले, बाळ घेऊन खालून चढायला नको. तुम्हाला... तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी खुर्ची उचलली आणि पायऱ्यांनी खाली निघाले. पायथ्यापासून आमच्या रस्त्यापर्यंत दगडी पायऱ्या आहेत, नगरपालिकेच्या, बाजूला लोखंडी कठडा. काय काय बोलायचं ते उतरता उतरता ठरवत होते आणि दर पायरीला त्यात भर पडत होती. माझी जागा! मला न विचारता! जिच्यासाठी मी आज सकाळी पोटच्या पोरीशी भांडले ती जागा हा माणूस आधीच देऊन बसला होता, आणि तिथे पॅसेजमध्ये आपल्या बुटांकडे बघत होता!

लेन मधल्या टप्प्याच्या जरा खाली होता. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, कपाळ हातांवर टेकलेलं. त्यानं मान वर केली, माझ्या हातातली खुर्ची पाहिली, आणि त्याला कळलं.

“देऊन टाकलीस?” मी ओरडले. “मी जगाशी भांडत होते आणि तू देऊन टाकलीस? बोल की! बोल!”

त्यानं तोंड उघडलं. शब्द आलाच नाही, नुसता श्वास आला, आणि तोही अर्धा. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

मी खुर्ची टप्प्यावर टेकवली, त्याला काखेत धरून वर ओढला आणि बसवला. चिकटपट्टीचा पाय हलत होता म्हणून मी मागून खुर्ची धरून उभी राहिले. हळूहळू त्याला श्वास घेता यायला लागला.

“रेडिओ लावलेलाच नसायचा,” तो शेवटी म्हणाला.

“काय?”

“गाडीत. मॅच वगैरे काही नाही. आपल्या दारातल्या पायऱ्या चढायला दम गोळा करत बसायचो. मागच्या हिवाळ्यापासून.”

मी वरून मारलेले ते सगळे टोमणे मला आठवले. आणि मला राग आला. दया यायला हवी होती, पण राग आला.

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर तू लगेच निघाली असतीस. माझ्यासाठी. तुझं मन इथेच ठेवून.”

“आणि जोस्लिनला सांगितलंस!”

“तिला सांगणं सोपं होतं, बर्नी.”

शेजारणीला सांगणं सोपं आणि बायकोला अवघड. असं कधीपासून झालं आमच्या घरात? मी इतकी बोलत राहिले की या माणसाला आजारी पडायलाही जागा ठेवली नाही. लेनचा राग आला, रेनेचं बरोबर निघालं म्हणून रेनेचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो या टेकडीचा. जन्मभर मी हिची बाजू घेतली, लोकांशी भांडले, आणि ही माझ्याच नवऱ्याचा जीव काढत होती.

आम्ही वर निघालो. थोडं चढायचं, खुर्ची ठेवायची, तो बसायचा, मी उभी राहायची. कोस्कोबाईंचा पडदा हलला.

“काय बघतेस?” मी ओरडले. “म्हातारा बसलाय!”

घरात आल्यावर त्याला पांघरूण घातलं, डॉक्टरांना फोन केला आणि मग रेनेला.

“बिल्डरला हो म्हणून कळव.”

ती पलीकडून हुंदके द्यायला लागली.

“रडू नकोस. मी अजून रागावलेलीच आहे. आणि त्या ब्रूकला सांग, मी कोबी शिजवणार आहे. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून.”

सोमवारी सकाळी जोस्लिन कामाला निघाली. मला फुटपाथवर बघून तिनं काच खाली केली. बिचारी घाबरलेली होती.

“मी दुसरीकडे लावीन गाडी,” ती म्हणाली. “तुम्ही जाईपर्यंत तरी.”

“काही गरज नाही. आमची गाडी खालीच राहू दे, लागेल तेव्हा मी वर आणीन, मला काही झालेलं नाही. तू जा.”

गाडी हलली तशी मी खुर्ची उचलली, मोकळ्या जागेच्या मधोमध ठेवली आणि तिची पाठ रस्त्याकडे केली, ठेवायची असते तशी.

“याच्यापुढे ही तुझी,” मी तिला ओरडून सांगितलं. “कोणी हात लावला तर मला फोन कर. मी तिकडून फावडं घेऊन येईन.”

तिनं हात हलवला. निळी गाडी उताराला लागून वळणाआड गेली. मी अजून खुर्चीपाशीच होते. रात्रभर झोप नव्हती, पाय दुखत होते, क्षणभर टेकावंसं वाटलं. पण बसले नाही. ती जागा आता आमची नव्हती.