मोर कुणाचा

महेशभाईंच्या साड्या गोदामात मावत होत्या. साड्या बघणारी माणसं मात्र डेटाबेसमध्ये मावेनाशी झाली होती. वेबसाइटवर कुणी कुठली साडी उघडली, किती वेळ न्याहाळली, कुठे बोटं ताणून चित्र मोठं केलं, सगळं तिथे साठत होतं. उद्या सेल. आज जागा झाली नाही तर पहिल्याच ऑर्डरीला साइट बसणार आणि बोल वर्षाला लागणार, कारण ते सगळं सांभाळणारी ती एकटीच.

“बेन, जे घेत नाहीत त्यांचं पुसून टाक,” महेशभाई म्हणाले. “दुकानात आले असते तर चहा तरी पाजला असता. इथे फुकट बसवून ठेवायचं?”

वर्षा पुसायला बसली आणि थबकली. न घेणाऱ्यांतला सगळ्यात मोठा ढीग डिंडोलीचा, तिच्याच वस्तीचा. रोज दुपारी, भांडी आवरून झाल्यावर, त्याच त्या साड्या उघडलेल्या. किमतीकडे कुणी फिरकलेलं नाही. मोठा केलेला फक्त पदरावरचा मोर. ओळी सरकवता सरकवता तिचं बोट दुखलं, ओळी संपेनात.

तिने आईला फोन लावला. शोभाबाई गल्लीतल्या बायकांबरोबर घरीच महेशभाईंच्या साड्यांवर टिकल्यांचे मोर चिकटवायची.

“आई, दुपारी तुम्ही साइट बघता?”

“देखतस ना! सुभद्राबाई म्हने मोर तिना, मी म्हनू मना. मोठा करीसन देखा, तं मनाच!” मागे बायका खिदळल्या. “देखाले पैसा लागतस का?”

“नाही गं. पण सगळं लिहिलं जातं. तुझं बोट मोरावर कुठे टेकलं, तेसुद्धा.”

साड्यांचा गठ्ठा टेम्पोत चढला की त्या टिकल्यांमागचा हात कुणाचा, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“मनं बोट? तठे से?”

“हो, तिथे आहे. पण आज पुसावं लागेल. नाहीतर उद्या दुकान बंद.”

“मंग पुसी टाक,” शोभाबाई म्हणाली. “ आम्ही परत देखसूत.”

वर्षाने पुसलं. ढीग ओसरला. आणि लगेच डिंडोलीच्या ओळी धो धो उतरू लागल्या. या वेळी कुणीच चित्र मोठं करत नव्हतं. मोरावर बोट टेकवून नुसतं धरून ठेवलेलं, एकामागून एक, अख्ख्या गल्लीचं. वर्षा बघतच राहिली.

“जागा झाली?” महेशभाईंनी विचारलं.

“उद्यापुरती झाली,” ती म्हणाली.