माईकवरची नावं

लग्नाच्या आदल्या दिवशी कोंडीरामकाकांचा घसा बसला आणि शिवांजलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वाईटच की हे! पण तेर गावातल्या लग्नात पाहुण्यांचं माईकवरून स्वागत करायचा मान वर्षानुवर्षं काकांचा, आणि तिला तो एकदा तरी हवाच होता.

"काका, उद्या माईक मला द्या की."

"पोरी, तुला दिसत न्हाय. दारात कोण आलं, कसं कळंल? नाव चुकलं तर पाव्हणा न जेवता जातोय."

"आपला इंद्रजितदादा दारातनं माझ्या फोनवर नावं टाकंल. मी बोटानं वाचते."

"एक जरी चुकलं, तर माईक काढून घेईन बघ."

फोनवर आलेला मजकूर तिच्या मांडीवरच्या, फोनला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर उंचवट्याच्या टिंबांनी उठायचा. आजवर पट्टीला एका वेळी एकच भाषा कळायची. इंग्रजीवर ठेवली की मराठी नावांचा नुसता चिवडा. फोननं वाचलेलं कानात ऐकावं, तर बँडपुढं काय डोंबल ऐकू येणार? नव्या सॉफ्टवेअरनं मात्र कमाल केली होती. मराठी आलं की मराठी ब्रेल, इंग्रजी आलं की संक्षिप्त, म्हणजे शब्द आखडून लिहिलेलं ब्रेल, तेही आपोआप. दुसऱ्या दिवशी मांडवाच्या दारातून दादा नाव मराठीत टाकायचा नि हुद्दा इंग्रजीत. तो लांबलचक हुद्दा दोन-चार खुणांत आटोपायचा आणि अख्खा पाहुणा एका ओळीत मावायचा.

मग काय, शिवांजली सुटलीच! कळंबचे शंभुलिंगअण्णा, वाशीचे हेडमास्तर गौरीशंकर सर. माणूस दारात, की नाव माईकवर. काका शेजारी माईक काढून घ्यायला हात पुढं करूनच उभे होते, पण चूक काही सापडेना. तिला इतका जोर चढला, की तिनं दादाला निरोप धाडला, बायकांचीही नावं टाक.

"बायांची नावं कुणी घेतंय व्हय माईकवर?" काका बसल्या घशानंच खेकसले.

तोवर तिनं "गजराबाईंचं सहर्ष स्वागत" म्हणूनही टाकलं. गजराबाई मांडवातच थबकल्या, तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बायकांत एकच कालवा उठला.

स्वयंपाकाकडं पहाटेपासून राबणाऱ्या सिताबाईकाकूंनी तो ऐकला. हात पुसून त्या मागच्या बाजूनं मांडवाबाहेर गेल्या आणि पाहुण्यासारख्या पुढच्या दारातून आत आल्या.

बोटाखाली नाव उठलं. शिवांजलीनं पुकारलं, "सौ. सिताबाई कोंडीराम यांचं मांडवात सहर्ष स्वागत!"

काकांचा हात माईकवर पडला. तिनं माईक घट्ट धरला. काकांनी तो फक्त तिच्या तोंडाजवळ सरकवला.

"अजून एकदा नाव घे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.