मेआयकमिन

"मे आय कम इन, सर?" प्रिया उभी राहून म्हणाली. ती वर्गातच होती, दुसऱ्या बाकावर, त्यामुळे केयूर सरांना हसू आवरेना.

"यू आर ऑलरेडी इन, बेबी. सिट डाउन."

पोरीला काय कळलं, कपाळ. 'सिट डाउन' तेवढं कळलं, म्हणून ती बसली. बसताना तिने पाय आवळून धरले, ते मी पाहिलं.

केयूर सर म्हणजे आमच्या पालिकेच्या शाळेचं इंग्रजी माध्यम ज्या ट्रस्टच्या मदतीनं चालतं, तिथले साहेब, त्या दिवशी वर्ग बघायला आलेले. आणि मी सुनयना, त्याच ट्रस्टने नेमलेली मदतीची बाई. ज्यांच्या घरात इंग्रजीचा शब्द नाही त्या पोरांना हात धरून इंग्रजीत आणायचं, हे माझं काम. दुसरीतली निम्मी पोरं जवळच्या दिवाळे गावातली, कोळ्यांची. मी देशावरची, म्हणून आधी मलाच त्यांच्याकडून त्यांची बोली शिकावी लागली. म्हावरा म्हणजे मासा, मासा म्हणजे फिश, अशा पायऱ्यांनी आम्ही चढायचो. पोरं चुकायची, एकमेकांना हसायची, पण बोलायची. मला त्यात फार सुख होतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात ट्रस्टचा फतवा निघाला, वर्गात फक्त इंग्रजी. बोली नाही, मराठीसुद्धा नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. तेव्हापासून पोरं पाठ केलेल्या चार वाक्यांवर दिवस काढत होती. त्यांच्या लेखी ती वाक्यं नव्हतीच. मेआयकमिन हा एक शब्द होता. दाराशी तो म्हटला की बाई सोडतात, म्हणजे त्याचा अर्थ 'बाई, जाऊ द्या'. पाणी प्यायला मेआयकमिन, पेन्सिलला टोक करायला मेआयकमिन. लघवीला लागली तरी तेच.

"सर, तिला बाहेर जायचंय," मी म्हणाले.

"इंग्लिश, मॅम. प्लीज."

"शी वॉन्ट्स टू गो आउट."

"तुम्ही नका सांगू. तिला सांगू दे ना. तुम्ही दर वेळी मध्ये पडता, म्हणून ही मुलं ट्रायच करत नाहीत." हे मात्र त्यांनी मराठीत सांगितलं. मला नीट कळावं म्हणून असेल.

प्रिया परत उभी राहिली. सर तिच्यापुढे वाकून, हसऱ्या तोंडाने वाट बघत होते. माणूस दुष्ट नव्हता, त्याचाच जास्त राग येतो. "मेआयकमिन," ती म्हणाली. मग रडत रडत, "मेआयकमिन, मेआयकमिन." मी तिचा हात धरून तिला बाकाबाहेर ओढली, पण दारापर्यंत पोचलो नाही. फरशीवर ओघळ गेला.

दुसऱ्या दिवसापासून प्रिया आली नाही. आठवडा झाला तसं शाळेच्या मोठ्या सरांनी, मुख्याध्यापकांनी, मला बोलावलं.

"सुनयनाबाई, ट्रस्टचं म्हणणं आलंय. तुमच्यामुळे पोरांना बोलीची सवय राहते. उद्यापासून तुम्ही वर्गावर जायचं नाही, लायब्ररीत तक्ते लावा. आणि ती पोरगी येईना झालीय, पट कमी दिसतो. तिच्या घरी जाऊन जरा समजवा. तुमची भाषा कळते ना त्यांना."

म्हणजे वर्गात चालत नाही ती भाषा पट भरायला चालते. संतापाने माझे कान तापले. तरी गेले. पोरगी शाळेतून सुटली तर कायमची सुटेल, ही भीती त्या संतापाहून मोठी होती.

दिवाळ्यात प्रियाची आजी गोजरा अंगणात बोंबील साफ करत बसली होती. प्रिया तिच्या पाठीला चिकटून. मला बघून ती हसली नाही.

"आजी, पोरीला शाळेत पाठवा."

"नको कवा बोलली मी?" हात न थांबवता आजी म्हणाली. "शिकली तं माजेसारी म्हावऱ्याची पाटी नाय उचलाची. पन त्या दिवसापासून ती भायेर कोनाशी बोलत नाय, बाई. माजे कानानच काय ते बोलते. येक सांगा, तुमी असाल ना तिचे वरगान? तुमी असाल तं आताच दप्तर देते."

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. हो म्हटलं असतं तर मोठे सर खूश झाले असते, पटही भरला असता. आणि उद्या पोरगी वर्गभर मला शोधत बसली असती.

"नाही आजी. मला काढलं त्या वर्गावरून."

"कनाला?"

"पोरांशी त्यांच्या बोलीत बोलते म्हणून."

आजीचा हात थांबला. प्रियाने तिचा पदर ओढला, कानाला तोंड लावलं आणि काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

आजी माझ्याकडे न बघता म्हणाली, "इचारते, बाईला पन बोलाला देत नाय का?"

प्रिया माझ्याकडे बघत होती. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग ती आजीच्या पाठीमागून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आजीने परत बोंबील हातात घेतला आणि आम्ही दोघी तिचे हात बघत राहिलो.