पलीकडचे तीन चौकोन

गेनबाने शेवटी घेतला तो कॅमेरा बिघडलेला होता, आणि बिघडलेला आहे म्हणूनच त्याने तो घेतला. हे घडलं खरं, पण अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता गेनबा भोरात मन्सूरच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर उभा होता आणि एक चांगला, धडधाकट कॅमेरा डोळ्याला लावून रस्त्याच्या टोकाच्या रसवंतीवर नेम धरत होता. रसवंतीवाल्याने दोन्ही हात वर केले.

"तात्या, बंदूक नाही ती," मन्सूर म्हणाला. "डोळ्याला लावायची गरज नाही. बाजूला पडदा उघडतो, त्यात बघायचं."

"पडद्यात जवळचं दिसतं का लांबचं?"

"दोन्ही दिसतं."

"जवळचं ऱ्हाऊ द्या. लांबचं कुठवर दिसतं त्येवढं सांगा."

मन्सूरने काउंटरवर दोन कॅमेरे मांडले होते. एकात छोटी कॅसेट बसायची, दुसऱ्यात कार्ड. एक अंधारातही माणसं हिरवी का होईना पण दाखवायचा, दुसऱ्याची बॅटरी दांडगी होती. तिसराही एक होता, पण तो विकायला नव्हता. झूमचं बटण अडकल्यापासून तो बिलं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला असायचा. मन्सूर एकेक गुण सांगत होता आणि गेनबा, स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाचं ऐकावं तसं, मान हलवून काहीच मनावर घेत नव्हता.

"आणि ह्याचं झूम आठशे पट आहे," मन्सूर म्हणाला.

गेनबाची मान हलायची थांबली.

"आठशे?"

"डिजिटल आठशे. म्हणजे..." मन्सूर तसा प्रामाणिक होता, पण दुपारपासून दुकानात आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक होतं. "म्हणजे आठशेच."

"ओढा वलांडून जाईल?"

"कोण?"

"नजर."

मन्सूर स्टुलावर बसला. त्याच्या ध्यानात आलं.

"रखमाजीकाकांसाठी चाललंय का हे?"

"जावळासाठी," गेनबा म्हणाला. "नातवाचं जावळ हाय. इंद्रजित म्हनला, भाड्याचा शूटिंगवाला नको, घरचाच कॅमेरा घ्या. आता घरचा कॅमेरा म्हनल्यावर त्यात घरची सगळी माणसं याया पायजेत. बोलवायचं न्हाई कुनाला. नुसती याया पायजेत."

इंद्रजितच्या, म्हणजे गेनबाच्या मुलाच्या, लग्नाचं शूटिंग सहा वर्षांपूर्वी मन्सूरनेच केलं होतं. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा, आणि उजेडाला हॅलोजनचा दिवा. दिवा धरणारा माणूस ऐन वेळी आलाच नाही. तेव्हा नवरदेवाच्या सख्ख्या चुलत्याने, म्हणजे रखमाजीने, "द्या हिकडं," म्हणून तो दिवा हातात घेतला आणि शेवटची पंगत उठेपर्यंत खाली ठेवला नाही. त्या कॅसेटमध्ये सगळं गाव उजळून निघालेलं आहे. मावश्या आहेत, सोयरे आहेत, मांडवात शिरलेलं एक अनोळखी कुत्रं दोन वेळा आहे. रखमाजी नाही. दिवा धरणारा दिव्याच्या मागे असतो, त्याला कुणाचा इलाज नव्हता. इलाज व्हायला हवा होता तो गेनबाच्या तोंडाचा. कॅसेट बघायला घर भरलेलं असताना तो म्हणाला, "रखमा, तू लग्नाला आला व्हतास का रं?" सगळी हसली. कुत्रं दुसऱ्यांदा आलं तेव्हा रखमाजी उठला आणि ओढ्यापलीकडच्या आपल्या घरी गेला. त्यानंतर तो पलीकडेच होता.

मन्सूरने आठशेवाला कॅमेरा गेनबाच्या पिशवीत घातला.

"घरी नेऊन बघा आठवडाभर. नाही पटला तर परत आणा. एसटीत तेवढा उघडू नका."

कापूरहोळला गाडी बदलून गेनबा वेल्ह्याच्या वाटेला लागला तरी पिशवी त्याने मांडीवरून काढली नाही. शेजारच्याने विचारलं, "कोंबडी हाय का?" गेनबा म्हणाला, "व्हय." तेवढ्यावर भागलं.

घरी आल्यावर पहिला प्रश्न विजेचा होता. वीज असेल तेव्हा बॅटरी भरायची आणि वीज गेली की शूटिंग करायचं, असा कार्यक्रम सरकारनेच आखून दिलेला होता. उन्हं कलली तशी वीज गेली. गेनबा अंगणात आला, पडदा उघडला आणि कॅमेरा ओढ्याच्या पलीकडे रोखला. त्याची बायको चंद्राबाई हातातलं पीठ झटकत मागे येऊन उभी राहिली.

"काय दिसतंय?"

"कौलं दिसत्यात. हां, दार आलं. आता त्यो भायेर आलाय."

गेनबाने झूमचं बटण दाबलं. कौलं फुगली, दार मोठं झालं, दारातला माणूस हरभऱ्याएवढा होता तो वाटाण्याएवढा झाला. गेनबाला हुरूप आला. त्याने बटण दाबूनच ठेवलं. माणूस आधी पुसट झाला, मग त्याला कोपरे फुटले, आणि आठशेला पोचला तेव्हा त्याचे तीन चौकोन उरले होते. वर एक पांढरा, मधे एक करडा, खाली पुन्हा पांढरा.

"ह्ये भावजी?" चंद्राबाई म्हणाली.

"वरचा चौकोन म्हंजे टोपी."

"आन खालचा?"

"धोतार."

"मंग भावजी कुठं हायती?"

"मधी."

चंद्राबाईने मधल्या चौकोनाकडे बराच वेळ बघितलं.

"लई वाळल्यात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी झाकलेलं कालवण घेऊन ओढ्यापलीकडे गेली. रखमाजीची बायको गेल्यापासून हे कालवण रोज जात होतं आणि गेनबाला ते रोज माहीत नसायचं. ती परत आली ती निरोप घेऊन. रखमाजीचे निरोप तिला पाठ करावे लागत. त्याने उभी नोकरी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत शिपाई म्हणून काढली होती, आणि लोकांचे अर्ज साहेबापुढे नेता नेता त्याची बोलीच अर्जाची झाली होती. आमटी अळणी लागली तरी तो "सबब, मिठाची पूर्तता व्हावी" म्हणायचा.

"भावजी इचारत व्हते," चंद्राबाई म्हणाली, "अलीकडच्या अंगानं एक यंत्र रोखल्याचं निदर्शनास आलंय, तर त्याचा खुलासा व्हावा."

"मंग तू काय खुलासा केलास?"

"जावळाचा कॅमेरा हाय, तुमाला घ्यायचं चाललंय म्हनलं. तुमी चौकोन येताय असं न्हाई म्हनलं."

"त्यो काय म्हनला?"

"नोंद घेतली म्हनले."

त्या संध्याकाळी रखमाजी बाहेर आला तो दाढी करून. निवृत्तीच्या सत्काराला शिवलेला काळा कोट त्याने घातला होता. अंगणाच्या कडेला येऊन, हात सरळ खाली सोडून, छाती काढून तो फोटोला उभं राहावं तसा इकडे तोंड करून उभा राहिला. गेनबाने कॅमेरा सुरू केला. फोटो काढला की संपतो, पण हे कधी संपतं ते रखमाजीला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो उभा आहे म्हणून गेनबा कॅमेरा बंद करेना, आणि गेनबाचा कॅमेरा खाली येत नाही म्हणून तो हलेना. वरून एक बगळ्यांची रांग गेली. ओढ्यावर पाण्याला आलेली कुणाची तरी म्हैस दोघांकडे आळीपाळीने बघून निघून गेली. शेवटी बॅटरी संपली. पडदा काळा झाला, तरी गेनबाने कॅमेरा तसाच धरून ठेवला. समोरचा माणूस कोट घालून उभा असताना मेलेलं यंत्र खाली घ्यायला त्याला बरं वाटेना.

तिसऱ्या संध्याकाळी रखमाजीने फेटा बांधला. पडद्यात वरचा चौकोन लाल झाला, एवढाच फरक.

"अवो, फेटा बांधलाय त्येंनी," चंद्राबाई हळूच म्हणाली. "तुमच्या चौकोनासाठी."

गेनबाने धोतराच्या सोग्याने कॅमेऱ्याची काच पुसली. काच आधीच स्वच्छ होती. त्याने ती पुन्हा पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो भोरात हजर होता. मन्सूरने कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. पडद्यावर एक लाल, एक काळा आणि एक पांढरा चौकोन एकमेकांवर उभे होते. ते अजिबात हलत नव्हते. मन्सूरने टीव्हीला एक चापट मारून बघितली.

"काय आहे हे, तात्या?"

"माझा भाऊ."

मन्सूर जरा सावरून बसला.

"फेटा शोभतोय काकांना," तो म्हणाला.

दोघांनी थोडा वेळ आणखी बघितलं. मग गेनबा उठला.

"ह्यो नको."

"मग दुसरा मोठ्या काचेचा मागवतो पुण्याहून. त्याच्यात मिशीसुद्धा..."

"त्यो कसा हाय? बिलांवरचा?"

"तो?" मन्सूर हसला. "तो अडकलाय, तात्या. लांबचं काही येतच नाही त्यात. माणसाचा चेहरा भरून यायला हवा तर पार त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहावं लागतं."

"मंग त्योच द्या."

"अहो, दुरुस्त तरी करून देतो."

"दुरुस्त केलात तर मी न्हाई घेनार."

मन्सूरने बिलांवरून कॅमेरा उचलला. फॅनच्या वाऱ्याने बिलं दुकानभर उडाली. ती त्याने उडू दिली.

"एक सांगतो," तो म्हणाला. "संध्याकाळच्या पुढे ह्यात काळोख येतो. दिवा लागेल. दिवा कोण धरणार?"

गेनबाने कॅमेरा पिशवीत घातला, पिशवीची दोरी आवळली.

"मी हाय की," तो म्हणाला.

मन्सूरने फळीवरचा मोठा टॉर्च काढला, बटण दाबून बघितलं आणि तोही पिशवीत घातला. बिलात तो धरला नाही.

ओढ्याला घोटाभर पाणी होतं. एवढं पाणी ओलांडायला सहा वर्षं लागावीत असं त्यात काही नव्हतं. वहाणा काखेत, कॅमेरा उजव्या हातात आणि टॉर्च धोतरात खोचून गेनबा पलीकडच्या काठाला लागला तेव्हा तोरण्यामागे सूर्य गेला होता आणि वीजही गेली होती. रखमाजी कोट-फेटा घालून रोजच्या जागी उभा होता. नेहमी समोरच्या अंगणात दिसणारं यंत्र आज चिखल तुडवत आपल्याच बांधावर चढताना बघून त्याने उभं राहणं सोडलं नाही. फक्त पाय जरा जुळवले.

"लांबूनच घ्यायचं की," तो म्हणाला.

"लांबून तू येत न्हाईस."

"लई उभा ऱ्हायलो."

"दिसलं."

गेनबा त्याच्या पुढ्यात आला, आणखी एक पाऊल आला. पडद्यात काळोखच होता. त्याने डाव्या हाताने टॉर्च काढला, लावला आणि खांद्याच्या वर धरला. उजेड आधी फेट्यावर पडला, मग हलत हलत खाली आला. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रखमाजीचा चेहरा भरून आला. गालफडं बसली होती. दाढी करताना हनुवटीला एक बारीक कापलं होतं. चंद्राबाई म्हणाली होती ते खरं होतं.

"आता नुसतं उभं न्हाई ऱ्हायचं," गेनबा म्हणाला. "बोलायचं. ह्याच्यात आवाज येतो."

"हात दुखंल तुझा, दादा. वर धरून धरून खांद्यातनं कळा येत्यात. मला ठावं हाय."

"दुखू दे. तू बोल."

"काय बोलू?"

"तुला काय बोलायचं आसंल ते."

रखमाजीने विचार केला. मग कोटाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला, आणि साहेबाच्या टेबलापुढे उभं राहावं तसा उभा राहून तो काचेकडे बघत म्हणाला,

"महोदय. अर्जदार रखमाजी, राहणार ओढ्यापलीकडे, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे, विनंती करतो की, चिरंजीव इंद्रजित याच्या लग्नात अर्जदार सकाळपासून शेवटच्या पंगतीपर्यंत जातीने हजर होता. तथापि सदर कॅसेट तपासली असता तीत एक कुत्रे दोन वेळा आढळून येते, अर्जदार एकदाही आढळून येत नाही. तरी या बाबीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, अर्जदारास सदर कॅसेटमध्ये पूर्वलक्षी प्रभावाने, आणि शक्य झाल्यास कुत्र्याच्या आधी, समाविष्ट करण्यात यावे, ही नम्र विनंती."