मुखरूभाऊच्या शर्टातला बडग्या

मी जामहेटीचा बडग्या बोलतोय. मला जाळून दोन वर्षं होऊन गेली. जळालेला बोलतो कसा, असं विचारू नका बाबांनो, माझं रडगाणं तेच तर आहे! ज्याची शिवेवर राख झाली त्याला गप्प पडायचा हक्क असतो. मला तो मिळाला नाही. कुठल्या तरी गावात कुणीतरी मोबाइलवर बोट ठेवतं की मी उभा राहतो, माझी मान हलते, माझ्या पोटातून आवाज येतो आणि पायाकडून पुन्हा आग लागते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत काढतात. पळसाच्या डहाळ्या घरभर फिरवायच्या आणि "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. नागपूरकडे मारबतीसोबत बडगे निघतात, म्हणजे माझ्यासारखी पुरुषाची बाहुली. मोठ्यामोठ्यांची त्यात टर उडवतात आणि मग जाळून टाकतात. जामहेटीत बडग्याची चाल नव्हती. ती ललितानं आणली, आणि माझा जन्म झाला.

ललिता म्हणजे आमच्या गावातल्या निकेशची धाकटी बहीण. पोंभुर्ण्याच्या सेतू केंद्रात बसून लोकांचे अर्ज भरून देते. हुशार पोरगी, जीभ सुरीसारखी. गावाच्या वाटेवरच्या उमरीच्या नाल्यावर पूल हवा म्हणून गावानं चार वर्षं जे अर्ज केले, ते सगळे तिनंच भरलेले. कुठून काही उत्तर आलं असेल तर शपथ.

माझ्या जन्माच्या आधीच्या आखाडात नाला भरून वाहत होता, आणि त्याच दिवशी निकेशच्या बायकोला, रीताला, कळा सुरू झाल्या. दवाखान्याची गाडी पलीकडच्या काठावर. नाल्याकाठी मुखरूभाऊ उभा होता. मुखरूभाऊ म्हणजे आमच्या रस्त्यावरचा मैलकुली. खड्डे बुजवायचे आणि पूर आला की काठीला लाल फडकं बांधून लोकांना अडवायचं, हे त्याचं काम. बोलताना तो अडखळायचा. एकेक शब्द त्याला ओढून काढावा लागायचा. त्या दिवशी त्यानं आधी हात आडवा केला. मग बाजेवरची रीता बघितली, फडकं टाकून दिलं आणि बाजेच्या एका पायाला स्वतः खांदा दिला.

छातीएवढ्या पाण्यातून चौघांनी तिला पलीकडे नेलं. वरून पाऊस, म्हणून त्यानं अंगातला खाकी शर्ट काढून तिच्यावर घातला. रीता वाचली. बाळ नाही वाचलं. तो शर्ट ललिताच्या घरी राहिला. धुऊन, घडी करून ठेवला होता, परत द्यायचा म्हणून.

आता ऐका माझी घडण. हातपाय भाताच्या तणसाचे, डोकं फुटक्या मडक्याचं, डोळे चुन्याचे. रूप तसं बरं होतं हो माझं! ललिताला बडग्या साहेबाचा करायचा होता, ज्यानं पुलाची फाइल दाबून ठेवली त्या साहेबाचा. पण साहेबाचं तोंड गावात पाहिलं होतं कोणी? नाव ठाऊक नाही, चेहरा ठाऊक नाही. जामहेटीला सरकार म्हणून एकच माणूस येत होता, सायकलवर, खाकी शर्ट घालून.

निकेशनं घडी केलेला शर्ट खाली काढला.

"दादा, तो नोको," ललिता म्हणाली.

"काऊन? खाकी सरकारचीच हाये न?" निकेशचे डोळे तेव्हा कोरडे ठणठणीत होते. दोन महिने तो धड जेवला नव्हता. "माहं लेकरू गेलं, आन् तू शर्टाचं पाहून राह्यली?"

रीता आतल्या खोलीत होती. तिला कुणीच विचारलं नाही. मला शर्ट चढला, आणि अंगाला बरोबर आला.

आवाजाचं त्याहून वाईट झालं. आठवड्यापूर्वी ललितानं नाल्यावर मोबाइल धरून मुखरूभाऊला विचारलं होतं, "पूल कधी होते, भाऊ?" तो म्हणाला होता, "काम हो-हो-होऊन राह्यलं..." मग बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलले. मग, "म्ह-म्ह-म्हणते साहेब."

आमच्या भाषेत कोण म्हणालं ते शेवटी येतं. तेवढं थांबावं लागतं. गावात थांबत कोणी नव्हतं. पहिलं ऐकलं की लोक हात झटकून चालू लागायचे, आणि मुखरूभाऊ उरलेलं वाक्य नाल्याला सांगायचा. ललितानं ते दहा वेळा ऐकलं. शेवटचं ठेवलं की लोक हसणार नाहीत, हे तिला कळत होतं. तिनं ते कापलं. उरलेलं एका छोट्या स्पीकरमधून माझ्या पोटात ठेवलं. त्या दिवसापासून माझ्यात त्या माणसाचा आवाज आहे, अर्धा.

बुधरी आजीला हे पटलं नाही. गावात सगळ्यांत म्हातारी तीच. ती म्हणाली, "मारबतीसंगं रोग धाडतेत बाई, माणूस नाई धाडत. आन् आग लावल्यावर मांगं पाहाचं नसते."

"आजी, अर्ज करून करून बोटं झिजली," ललिता म्हणाली. "अर्ज कोणी वाचत नाई. लोक हासले तं सरकार ऐकन."

आणि खोटं नव्हतं ते. मी जाळला गेलेलो आहे, पण खोटं बोलणार नाही.

मिरवणूक निघाली. माझी मान दोरीनं हलायची, पोटातून "काम हो-हो-होऊन राह्यलं" यायचं आणि लोक पोट धरधरून हसायचे. "पुलाची फाइल घेऊन जा गे मारबत! मुखरूले घेऊन जा गे मारबत!" गल्लीच्या तोंडाशी खुद्द मुखरूभाऊ उभा होता. आपला आवाज ऐकून कामावरून आला होता. मी त्याला बघितलं, त्यानं मला. मग तोही हसला. चारचौघांत माणूस दुसरं काय करतो? आमच्या मागोमाग शिवेपर्यंत चालत आला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, "राग नोको मानू भाऊ, गंमत हाये." त्यानं मान हलवली.

शिवेवर मला आग लावली. लोक रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून गेले. सगळेच तसे गेले असते आणि कुणी मागे न बघता मी राख झालो असतो, तर गोष्ट तिथंच संपली असती. उद्या मुखरूभाऊ सायकलवर आला असता, दोन दिवस लोकांनी चिडवलं असतं, तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण ललिताचा मोबाइल मागे वळून बघत होता. मी पुरता जळेपर्यंत बघत होता.

ते चित्रण तिनं सगळीकडे धाडलं. आठ दिवसांत मी चंद्रपूर गाठलं, पंधरा दिवसांत मुंबई. आयुष्यात नाला न ओलांडलेला मी, काय काय बघितलं म्हणून सांगू! माझ्यावर गाणी झाली. लग्नात नवरा उशिरा आला की माझा आवाज. परीक्षेचा निकाल लांबला की माझा आवाज. आणि सरकार खरंच हललं. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते उगीच नाही. पुलाला मंजुरी आली, पुढच्या पावसाळ्याआधी पूल उभा राहिला. त्याच पुलावरून रीता दुसऱ्या खेपेला दवाखान्यात गेली आणि मांडीवर पोरगा घेऊन परत आली.

पुलाच्या भूमिपूजनाला तो न पाहिलेला साहेब आला होता. गोरागोमटा, हसतमुख. माइक हातात घेऊन म्हणाला, "आता काम हो-हो-होऊन राह्यलं!" मांडवभर टाळ्या. टोला ज्याला बसायला हवा होता, तो पोट हलवत हसत होता. आणि मुखरूभाऊला महिनाभर आधीच कामावरून कमी केलं होतं. ऑफिसची इज्जत त्याच्यामुळे गेली म्हणे! चोर सोडून संन्याशाला फाशी.

काम गेलं त्याचं एक वेळ चाललं असतं. पण बाजारात तो वांग्यांचा भाव विचारायला तोंड उघडायचा आणि विकणारा हसत हसत त्याचं वाक्य पुरं करून द्यायचा. बसमध्ये पोरं त्याच्या पुढे मान हलवायची, थेट माझ्यासारखी. तो बोटानं दाखवून सामान घ्यायला लागला. मग शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं. मग घरातही. लहानपणी शाळेत मार खाऊन, चिडवणं सोसून, मोठ्या कष्टानं त्यानं जे चार शब्द जमवले होते, ते मी खाऊन टाकले.

ललिताला हे उशिरा कळलं. एक दिवस मुखरूभाऊ तिच्याच केंद्रात आला, कसलासा फॉर्म भरायला. तिनं खाली मान घालून विचारलं, "पूर्ण नाव सांगा." त्यानं कागदावर लिहून दिलं. "अहो, तोंडानं सांगा न भाऊ," म्हणत तिनं वर पाहिलं. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "होऊन राह्यलं!" सगळे हसले. तो फॉर्म न भरताच निघून गेला.

त्या संध्याकाळी तिनं मला तिच्या मोबाइलमधून पुसलं. मी सुटलो म्हणून आनंदलो हो! पण मी आता हजारो मोबाइलमध्ये होतो. मग तिनं मूळचं, अख्खं वाक्य असलेलं चित्रण टाकलं आणि खाली लिहिलं, या माणसानं माझ्या वहिनीला पुरातून नेलं होतं. फार कुणी बघितलं नाही. एकानं लिहिलं, "पहिलंच मस्त होतं."

निकेशशी तिचं भांडण झालं. तो पोराला कडेवर घेऊन पुलावर उभा होता. "हा पोरगा या पुलावरून घरी आला," तो म्हणाला. "आता सांग, चुकलं का आपलं?"

"पूल पायजेच होता, दादा. पण त्याचं तोंड काऊन घेतलं आपण?"

त्यानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तो घराकडे चालू लागला.

मोहफुलं पडायच्या दिवसांत एका दुपारी ललिता मुखरूभाऊच्या घरी गेली. अंगणात फुलं वाळत होती. त्याची बायको, इंदुताई, काड्या निवडत बसली होती. पलीकडे तिची चार वर्षांची नात दिव्या मोबाइल घेऊन बसली होती. मुखरूभाऊ ओट्यावर भिंतीला टेकलेला. ललितानं इंदुताईचे पाय धरले.

"माले काऊन माफी मागते वं?" इंदुताई हात आखडून म्हणाली. "त्याले माग. पण त्यानं हाव म्हटलं का नाई म्हटलं, तुले कसं समजन?"

ललिता रडायला लागली. आणि तेवढ्यात दिव्यानं मोबाइलवर बोट ठेवलं. मी उठलो. त्या माणसाच्या अंगणात, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याचाच शर्ट घालून मी मान हलवली आणि पेटलो. मला लाजेनं मरून जावंसं वाटलं, पण मला मरता कुठं येतं?

"दिव्या, हे पुसून टाकू आपण," ललिता डोळे पुसत म्हणाली. "दे बाई इकडं."

"नोको!" पोरीनं मोबाइल छातीशी धरला. "मंग माहा आबाजी कुठून बोलन?"

तिला कळायला लागल्यापासून आबाजी बोललेला तिनं ऐकलाच नव्हता. तो बोलायचा तो फक्त माझ्या पोटातून. म्हणून ती दिवसातून दहादा मला जाळायची.

मुखरूभाऊ उठला. ललितासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली, ओठ हलले, आणि वर्षभरानं त्या घरात त्याचा आवाज आला. "रा... रा-रा..."

दिव्यानं आनंदानं टाळ्या पिटल्या. "तसंच! आजी, तसंच म्हणते पाह्य!" आणि ती हसली. बिचारी प्रेमानं हसली हो, तिच्या मनात काडीचं पाप नव्हतं. ललितानं तिला गप्प करायला हात वर केला, पण उशीर झाला होता. मुखरूभाऊनं तोंड मिटलं. मग तो खाली वाकून फुलं हातानं पसरायला लागला.

हसा बाबांनो. हसू नका असं मी कसं म्हणू? हसण्यानं आमच्या गावाला पूल दिला. फाइली दाबणाऱ्यांना हसा, जोरात हसा. पण ज्याच्या तोंडचे शब्द घेऊन हसता, त्याचं बोलणं संपेपर्यंत तरी थांबा. आणि माझं चित्र तुमच्या हाती आलं, तर तेवढं बोट ठेवू नका, पाया पडतो.

"राहू दे" म्हणणार होता की "राग" म्हणणार होता, ललिता अजून विचार करते. ती मनातल्या मनात मला विचारते, जणू मला ठाऊक असेल. माझ्या पोटात त्याचा आवाज आहे. तो शब्द नाही.